पॅरिसची जुनी खुर्ची आणि आपला हिशोब: परदेशातल्या जुन्या बाजारातून काय आणायचं, काय नाही



परदेशातल्या जुन्या बाजारांवरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. बाजार व्हिडिओत बघायला मजा येते, पण हिशोब कागदावरच नीट कळतो. म्हणून तो इथे मांडतोय. वही-पेन घेऊन बसा, मध्येमध्ये आकडेमोड आहे.

या विषयावर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "सर, युरोपात जुनं फर्निचर मातीमोल भावात मिळतं. मुलगा तिकडे आहे, किंवा आम्ही फिरायला जाणारच आहोत. एक कंटेनर भरून आणला तर?" विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा सात-आठ लाखांची बचत असते, ती आयुष्याची पुंजी असते, आणि प्रश्न गंमत म्हणून विचारलेला नसतो.

उत्तर आधी सांगतो. विक्रीसाठी जुनं फर्निचर भारतात आणू नका. पण बाजार मात्र जरूर फिरा, आणि सहल म्हणून नाही, अभ्यास म्हणून फिरा. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. पुढे वाचा.

बाजारात कोण विकतंय, ते आधी ओळखा

उदाहरणासाठी पॅरिस घेऊ, कारण जुन्या बाजाराचा सगळा धंदा तिथे थरांमध्ये मांडलेला दिसतो. १८८३ साली पॅरिसचे प्रीफेक्ट उजेन पुबेल यांनी हुकूम काढला की प्रत्येक घरमालकाने कचऱ्यासाठी झाकणाचा डबा ठेवायचा. (फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पुबेल' म्हणतात. बिचाऱ्याचं नाव अमर झालं, पण कसं!) रस्त्यावरच्या कचऱ्यातून चिंध्या आणि भंगार वेचून जगणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. शहराच्या तटाबाहेर, सॅंतुआन भागात त्यांनी आपला बाजार मांडला. जुन्या गाद्या-कपड्यांत पिसवा असायच्या, म्हणून नाव पडलं 'पिसवांचा बाजार'. इंग्रजी 'फ्ली मार्केट' हा त्याच शब्दाचा तर्जुमा.

आज तोच सॅंतुआनचा बाजार जगातल्या सगळ्यात मोठ्या जुन्या बाजारांपैकी एक आहे. मेट्रोच्या ४ नंबरच्या लाइनवर पोर्त द क्लिन्यांकूर स्टेशनला उतरायचं. आधी रस्त्यावर नव्या जॅकेट-बुटांच्या टपऱ्या लागतात. तिथेच बरेच पर्यटक "हाच का तो बाजार?" म्हणून परत फिरतात. पुढे चालत राहायचं. आत व्हेर्नेझों, बिरों, पोल बेर, सर्पेत, दोफिन असे वेगवेगळे बाजार आहेत. शनिवार, रविवार आणि सोमवार हे मुख्य दिवस.

आता धंद्याच्या नजरेने बघा. इथे बसलेला माणूस दुकानाचं भाडं भरतो, त्याला मालाची पूर्ण माहिती आहे, त्याने तो दुरुस्त केलाय, त्याची गिऱ्हाइकं न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंतची डेकोरेटर मंडळी आहेत. म्हणजे हा साखळीचा शेवटचा टप्पा. इथे स्वस्त मिळेल ही अपेक्षाच चुकीची. सॅंतुआनला जायचं ते किमती शिकायला.

एक पायरी खाली व्हान्वचा बाजार. शनिवार-रविवारी सकाळी फुटपाथवर भरतो आणि दुपारी जेवणाच्या वेळेला आवरायला लागतो. इथले विक्रेतेही व्यावसायिकच असतात, पण माल लहान: काटे-चमचे, लिननच्या चादरी, काचेची भांडी, जुनी हत्यारं. आवरायच्या वेळेला भाव उतरतात, कारण जे विकलं नाही ते पुन्हा गाडीत भरायचं असतं. आपल्याकडे संध्याकाळी भाजी स्वस्त होते, तेच गणित.

आणखी खाली 'व्हीद-ग्रेनिये'. शब्दाचा अर्थच 'माळा रिकामा करणे'. वसंतापासून शरदापर्यंत शनिवार-रविवारी गल्लोगल्ली, गावोगावी भरतात. घरातली माणसं स्वतः टेबल मांडून आजीच्या वस्तू विकतात. फ्रेंच कायद्याने सामान्य माणसाला अशा विक्रीत वर्षातून दोनदाच बसता येतं. त्यापेक्षा जास्त बसलात तर तुम्ही व्यापारी. म्हणजे इथला विक्रेता बहुतेक वेळा किमतीचा जाणकार नसतो. त्याला माळा मोकळा हवा असतो. सॅंतुआनच्या व्यापाऱ्यांपैकी कित्येकजण याच ठिकाणी पहाटे टॉर्च घेऊन फिरत असतात, हे लक्षात ठेवा.

चौथी जागा एमाउसची दुकानं. आबे पिएर या धर्मगुरूंनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या चळवळीची ही दुकानं लोकांनी दान दिलेलं सामान विकतात. कपाटं, पलंग, टेबलं इथे सगळ्यात स्वस्त दिसतील. घासाघीस करू नये, पैसा बेघरांसाठीच्या कामाला जातो.

रेल्वेने दीड तासावर ब्रुसेल्स आहे. तिथल्या ज्यू द बाल चौकात १८७३ पासून जुना बाजार भरतो, आणि तो रोज भरतो. कुणाचं घर रिकामं करायचं कंत्राट घेतलेली माणसं खोकीच्या खोकी तशीच दगडी फरशीवर ओततात. ज्याला जमिनीवर बसून शोधायची लाज वाटत नाही त्याच्यासाठी ही जागा.

एकच खुर्ची या पाच ठिकाणी पाच भावांना दिसेल. खुर्ची तीच आहे. मधला फरक म्हणजे शोधण्याची मेहनत, दुरुस्ती, भाडं आणि माहिती यांची किंमत. चार दिवस फिरून एकाच प्रकारच्या वस्तूचे भाव वहीत लिहीत गेलात, तर तिकडची मूल्यसाखळी तुमच्या हातात आली. एमबीएच्या वर्गात हे शिकवायला बराच वेळ लागतो.

भाव लिहिताना एक पथ्य. पाटीवरची किंमत ही मागितलेली किंमत असते, मिळालेली नाही. ऑनलाइन बघतानाही 'विकल्या गेलेल्या वस्तू' हा पर्याय निवडूनच भाव बघा. हजार युरोची पाटी लावून तीन वर्षं पडून असलेलं कपाट हजार युरोचं नसतं.

वस्तू उलटी करून बघा

गिऱ्हाईक खुर्ची समोरून बघतं, व्यापारी ती उलटी करतो. हे वाक्य व्हिडिओत होतंच, आता तपशील.

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यातले सांधे बघा. आपले सुतार ज्याला डव्हटेल म्हणतात ते सांधे हाताने कापलेले असतील तर दात थोडे कमी-जास्त असतात. मशीनचे सगळे सारखे. खालच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षांच्या उघड-बंदची झीज दिसली पाहिजे. जिथे हात लागतो तिथे झीज आणि जिथे लागत नाही तिथे नाही, असं असेल तर ती खरी. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती पॉलिश पेपरने केलेली.

स्क्रू बघा. अधिकाच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० नंतरच्या दशकांत रुळले. विक्रेता "१८८०चं कपाट" म्हणतो आणि बिजागरीला तसले स्क्रू आहेत, तर निदान बिजागरी तरी बदललेली आहे. विचारा. विचारल्याने भाव उतरतो.

गोल टेबल असेल तर टेपने दोन्ही दिशांनी व्यास मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीच्या दिशेने जवळपास नाही. म्हणून शंभर वर्षांचं अस्सल गोल टेबल किंचित लंबगोल झालेलं असतं. काटेकोर गोल असेल तर ते नवं असू शकतं किंवा वरची फळी प्लायवूडची असू शकते. टेप खिशात ठेवायचीच, पुढे तिचं आणखी काम आहे.

पायांजवळ बारीक भोकं आणि खाली ताजा, फिकट भुसा पडलेला दिसला तर आत किडा जिवंत आहे. अशी वस्तू फुकट दिली तरी घेऊ नका. ती शेजारच्या चार वस्तू पोखरेल.

कपाटाचा वरचा भाग आणि खालचा भाग वेगवेगळ्या कपाटांचे जोडलेले असतात, हा फार जुना खेळ. दोन्हींची मागची फळी बघा. समोरून पॉलिश करून रंग जुळवता येतो, पाठ जुळवायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

पॉलिशवरून आठवलं. युरोपात ज्याला 'फ्रेंच पॉलिश' म्हणून मान आहे ते असतं लाखेचं, आणि त्या व्यापारात लाख पुरवणारा मोठा देश म्हणजे भारत. आपल्या सुतारांनाही हे काम येतं. फक्त आपण त्यांच्याकडून ते करून घेणं सोडून दिलंय.

बोलण्याबद्दल एवढंच: फ्रान्समध्ये दुकानात शिरताना आधी "बोंजूर" म्हणायचं. न म्हणता थेट वस्तूला हात लावून भाव विचारला तर तिथेच भाव वाढला समजा. निम्म्याने मागू नका, तो अपमान वाटतो. दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन एकूण रकमेवर सूट मागा, आणि रोख ठेवा.

आता टेप काढा: घनफळाचा हिशोब

समजा तुम्हाला एक छान वाकवलेल्या लाकडाची कॅफे-खुर्ची ४० युरोला मिळाली. हिशोब सोपा जावा म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरू. खुर्ची पडली ४,००० रुपयांना. वजन जेमतेम ४ किलो. मनात आलं, ४ किलोचं कुरिअर असं कितीसं लागणार?

कुरिअर कंपनी वजन दोन प्रकारे बघते. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. जे वजन जास्त येईल त्याचे पैसे. (विमानाच्या मालवाहतुकीत साधारणपणे ६००० ने भागतात.) खुर्ची भरलेला खोका ५५ × ५५ × ९० सेंटिमीटरचा धरा. गुणाकार २,७२,२५०. भागिले ५०००, म्हणजे ५४.४५. तुमच्या ४ किलोच्या खुर्चीचे पैसे ५४.५ किलोच्या हिशोबाने लागणार. किलोमागे ८०० रुपये दर धरला तर ४३,६०० रुपये. चार हजारांची खुर्ची, त्रेचाळीस हजारांचं भाडं. खोक्यात खुर्ची थोडी आणि हवा जास्त, आणि हवेचंही भाडं भरावं लागतं.

"मग जहाजाने आणू." ठीक. जहाजात सुटा माल पाठवला तर भाडं घनमीटरवर, आणि बहुतेक ठिकाणी किमान एक घनमीटरचं. एक-दोन खुर्च्यांसाठी अर्थ नाही. म्हणून माणूस कंटेनरवर येतो. २० फुटी कंटेनरची आतली जागा साधारण ३३ घनमीटर. खुर्च्यांसारखा वेडावाकडा माल भरला की प्रत्यक्षात २६ च्या आसपास धरा. एका खोक्याला ०.२७ घनमीटर, म्हणजे सुमारे ९५ खुर्च्या. तिकडचा टेम्पो, जहाज, बंदरावरचे खर्च, कस्टम एजंट, इकडचा ट्रक असं सगळं मिळून ३,८०,००० रुपये धरलं तर खुर्चीमागे ४,००० रुपये. म्हणजे खुर्ची ८,००० ला गेली आणि अजून आयात शुल्क आणि जीएसटी बाकी आहेत. शुल्क नुसत्या खुर्चीच्या किमतीवर नसतं. किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर असतं. तीन-चार खुर्च्या वाटेत तुटतील. पॅकिंगच्या लाकडी पेट्यांवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का नसेल तर बंदरावर वेगळी अडचण. शुल्क सोडून ७,६०,००० रुपये दोन-तीन महिने समुद्रात आणि गोदीत अडकलेले. बँकेचं व्याज त्या काळात थांबत नाही.

भाड्याचे हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या एजंटकडून कोटेशन घ्या. पण मांडणी हीच राहील.

याच जागी १५०-२०० वर्षांपूर्वीच्या एका उद्योजकाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिखाएल थोनेट, व्हिएन्नाचा सुतार-कारखानदार. वाफेने बीचचं लाकूड वाकवून त्याने १८५९ मध्ये '१४ नंबर'ची खुर्ची बाजारात आणली. पॅरिस-व्हिएन्नाच्या कॅफेंत आणि आपल्या मुंबईच्या इराणी हॉटेलांत दिसतात त्या गोल पाठीच्या खुर्च्यांचं हे मूळ. सगळे तिच्या सौंदर्याचं कौतुक करतात. मला कौतुक आहे ते हिशोबाचं. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स. सुटे भाग करून ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत बसायच्या. आपला खोका आठवा: एका खुर्चीला ०.२७ घनमीटर. थोनेटच्या एका खुर्चीला ०.०२८, म्हणजे जवळजवळ दहापट कमी जागा. जोडणी पोहोचल्यावर. कोट्यवधी खुर्च्या जगभर गेल्या त्या म्हणून.

आणखी एक. त्याच्या पेटंटची मुदत १८६९ मध्ये संपली आणि प्रतिस्पर्धी कारखान्यांनी तशाच खुर्च्या काढल्या, त्यांत जे. अँड जे. कोन ही मोठी कंपनी. म्हणून जुन्या बाजारात "थोनेट, थोनेट" म्हणून ओरडतात त्यातल्या बऱ्याच थोनेटच्या नसतात. बैठकीच्या कडेला आतून कागदी लेबल किंवा ठसा शोधा. उलटी करून बघा म्हटलं ते याचसाठी.

कागद

आता तो मुद्दा, ज्याच्यामुळे मी सुरुवातीलाच 'नको' म्हटलं.

आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात जुन्या, वापरलेल्या वस्तूंची आयात (यंत्रसामग्रीसारखा भांडवली माल सोडून) 'रिस्ट्रिक्टेड' वर्गात येते. म्हणजे नुसता आयात-निर्यात कोड काढून चालत नाही. डीजीएफटीकडून त्या मालासाठी वेगळी परवानगी आधी घ्यावी लागते. ती नसताना माल बंदरावर आला तर तो अडकतो, रोजचं भाडं चढतं, दंड होतो, जप्तीही होऊ शकते. "एजंट करून देईल काहीतरी" असं म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्या ऑफिसातून चहा न पिता उठा.

"बॅगेत चार-चार वस्तू आणून विकू का?" प्रवाशाला बॅगेजची जी सूट मिळते ती स्वतःच्या वापराच्या आणि भेटवस्तूंसाठी असते, दुकानाच्या मालासाठी नाही. स्वतःच्या घरासाठी पितळी दिवा आणलात, आनंदाने आणा, पावती जपून ठेवा. परदेशात काही वर्षं राहून कायमचं परतणाऱ्या कुटुंबाला घरातलं वापरलेलं सामान ठरावीक मर्यादेत आणायची सवलत असते, पण तीही राहत्या घरासाठी. निघण्याआधी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरचे त्या दिवशीचे नियम बघायचे, मित्राच्या व्हॉट्सअॅपवरचे नाही.

लाकूड कोणतं आहे हेही कागदाचंच काम. १९५०-६०च्या दशकातल्या डॅनिश कपाटांत ब्राझिलियन रोझवूड वापरलेलं असतं. दुर्मीळ प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात हे झाड १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे. परवान्याशिवाय ते सीमेपलीकडे न्यायचं नाही. हस्तिदंत, कासवाच्या कवचाचं जडावकाम असलेली वस्तू तर हातातच घेऊ नका. विक्रेता म्हणेल, "फार जुनं आहे, चालतं." त्याच्या देशात कदाचित चालत असेल, आपल्या विमानतळावर नाही.

माहितीची किंमत: चंडीगडच्या खुर्च्या

आता उलट्या दिशेची गोष्ट. १९५०च्या दशकात चंडीगड उभं राहत असताना ल कोर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जॉनरे तिथे राहून काम करत होते. सरकारी कचेऱ्या, हायकोर्ट, विद्यापीठ यांच्यासाठी सागवानाच्या आणि वेताच्या खुर्च्या त्यांच्या आराखड्यावरून इथल्याच सुतारांनी बनवल्या. इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारखे पाय, तुम्ही फोटोत नक्की पाहिल्या असतील. पुढे खुर्च्या जुन्या झाल्या, मोडल्या. कचेऱ्यांनी त्या गच्चीवर, आवारात ढीग करून टाकल्या आणि भंगार म्हणून लिलावात काढल्या.

ते लिलाव कोणी घेतले? पॅरिसच्या गॅलरीवाल्यांनी. त्यांनी त्या नेल्या, वेत पुन्हा विणला, पॉलिश केलं, इतिहास लिहिला, पुस्तकं छापली. आता युरोप-अमेरिकेच्या लिलावांत यातल्या एकेका खुर्चीला लाखो रुपये मिळतात. कायद्याने अडवायला तेव्हा फारसा आधार नव्हता, कारण आपल्या १९७२च्या कायद्यात वस्तू पुरावस्तू ठरायला साधारणपणे १०० वर्षं लागतात आणि या खुर्च्या पन्नास-साठच्या आतल्या. शेवटी २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-फर्निचरच्या विक्रीला बंदी केली.

या गोष्टीत चीड येण्यासारखं पुष्कळ आहे. पण आपण उद्योजक म्हणून बघू. भंगाराच्या ढिगासमोर दोन माणसं उभी होती. दोघांना तीच खुर्ची दिसत होती. एकाला जळाऊ लाकूड दिसलं, दुसऱ्याला नाव, साल आणि गिऱ्हाईक. खुर्चीच्या मागे पांढऱ्या रंगात कचेरीची अक्षरं आणि नंबर रंगवलेले असत, सरकारी साठ्याची नोंद म्हणून. एखाद्या कारकुनाने ती घासून काढायला सांगितली असती. तीच अक्षरं पुढे अस्सलपणाचा पुरावा ठरली. म्हणून जुन्या वस्तूवरचं लेबल, शिक्का, रंगवलेला नंबर साफसफाईच्या भरात कधी खरवडू नका. (आणि आता नकली जॉनरे खुर्च्यांवरही तशी अक्षरं रंगवून मिळतात, म्हणून नुसत्या अक्षरांवर भाळू नका.)

मग धंदा कुठे आहे?

माझ्या मते तो इथेच आहे, परदेशात तयार झालेल्या नजरेने इथल्या मालाकडे बघण्यात. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार, जोगेश्वरीचा ओशिवरा फर्निचर बाजार, पुण्याचा जुना बाजार, पाडायला काढलेले वाडे, बंद पडलेली इराणी हॉटेलं. सॅंतुआनमध्ये दोनशे खुर्च्या उलट्या करून बघितलेल्या माणसाला इथे गोल पाठीची खुर्ची दिसली की तो पहिल्यांदा बैठकीखाली बोट फिरवेल. ना जहाज, ना परवाना, ना हवेचं भाडं.

उदाहरण म्हणून एक छोटा धंदा मांडतो: जुन्या खुर्च्या भाड्याने देणं. जाहिरातींचं आणि मालिकांचं शूटिंग, लग्नाआधीचे फोटो, नवं कॅफे उघडताना चार दिवसांची सजावट, यांना जुनी खुर्ची हवी असते, पण विकत नको असते. २४ खुर्च्या, खरेदी २,५०० आणि वेतकाम-पॉलिश १,५०० धरलं तर एकीला ४,०००, एकूण ९६,००० रुपये. दिवसाला खुर्चीमागे १५० रुपये भाडं, महिन्यात सहा दिवस गेल्या तर २१,६००. त्यातून जागेचं भाडं ६,००० आणि हमाली-डागडुजी ३,००० वजा करा. टेम्पो गिऱ्हाइकाकडे. उरले १२,६००. भांडवल साधारण आठ महिन्यांत वसूल, आणि खुर्च्या तुमच्याकडेच. दर तुमच्या शहरात विचारून बदला. सहाऐवजी तीनच दिवस गेल्या तर उरतात फक्त १,८००, हेही मांडून बघा. हा धंदा खुर्च्यांवर नाही, महिन्यातल्या दिवसांवर चालतो. फुकट पडलेल्या खोलीत सुरू करा, गोदाम नंतर.

दुसरी वाट बनवण्याची. जुन्या कड्या, मुठी, हुक यांचे नमुने बघा, मापं वहीत उतरवा आणि आपल्याकडच्या पितळकाम करणाऱ्यांकडून तशा घडणीचा माल करून घ्या. शंभर वर्षांपूर्वीची सर्वसाधारण घडण कोणाच्या मालकीची नसते. पण कंपनीचं नाव आणि ट्रेडमार्क जिवंत असू शकतो, तो वापरायचा नाही. "तोलिक्स खुर्ची" म्हणून भलत्याच कारखान्याची पत्र्याची खुर्ची विकू नका. "पत्र्याची कॅफे खुर्ची" म्हणा, तेवढीच विकते.

आणि जे मराठी वाचक स्वतःच युरोपात राहतात, त्यांचं गणित वेगळं. तिथे घेऊन, दुरुस्त करून, तिथेच विकायचं. समुद्र मध्ये येत नाही. फक्त दोन गोष्टी आधी बघा. तुमच्या व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करायची मुभा आहे का, विद्यार्थ्यांनी तर नक्की बघा. आणि फ्रान्समध्ये असाल तर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला नोंदणी करावी लागते, शिवाय कोणाकडून काय घेतलं याचं रजिस्टर ठेवावं लागतं. चोरीचा माल बाजारात येऊ नये म्हणून पोलीस ते तपासतात.

इथून जुन्या वस्तू बाहेर पाठवायचा विचार असेल तर उलटी काळजी: १०० वर्षांवरची पुरावस्तू खासगी व्यापाऱ्याला निर्यात करता येत नाही, आणि त्याहून नवी असली तरी शंका येण्यासारखी वस्तू असेल तर ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावं लागतं.

या आठवड्याचा गृहपाठ

परदेशी जायची गरज नाही. घरातली कोणतीही एक खुर्ची घ्या. लांबी, रुंदी, उंची मोजून ५००० ने भागा आणि काट्यावरच्या वजनाशेजारी लिहा. मग ती उलटी करा आणि खाली काय काय दिसतं ते लिहून काढा: सांधे, स्क्रू, लाकूड, शिक्का, दुरुस्ती. रविवारी तुमच्या गावच्या जुन्या बाजारात जाऊन तसल्याच तीन खुर्च्यांचे भाव विचारा, घेऊ नका, फक्त विचारा. आणि शेजारच्या वेतकाम करणाऱ्याला एक बैठक विणायचे किती घेणार ते विचारा. तो माणूस शोधायलाच तुम्हाला दोन दिवस लागतील. सापडला की त्याचा नंबर जपून ठेवा, पुढच्या व्हिडिओत त्याच्या कामाचा हिशोब घ्यायचा आहे.